एका शुद्ध केलेल्या प्रश्नाची हकिकत

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती. आधी दोष निश्चित करावा आणि मग हकिकत सांगावी, ही माझी जुनी सवय आहे. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो.

सन १९८४, महाशिवरात्रीच्या मागेपुढे: बोरगावच्या वच्छलाबाईंनी आपल्या संत्र्याच्या बागेविषयी एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मजकडे पाठवला. जबाबदार: कोणी नाही. कार्ड निर्दोष होते.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी: तो प्रश्न पांढुर्ण्यास माझ्या टेबलावर शुद्ध करण्यात आला. जबाबदार: प्रस्तुत लेखक. (माझे नाव यादीत सर्वांत शेवटी यावे असा मसुदा मी केला होता. आमच्या सौभाग्यवती मालतीबाईंनी तो वाचला आणि नाव वर घ्यायला लावले.)

होळीच्या आधी: सौंसरच्या एका निष्णात वकीलसाहेबांनी त्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर दिले. जबाबदार: वकीलसाहेब, बिनचूकपणाबद्दल.

होळीनंतर लगेच: ते उत्तर बोरगावला पोचले. माझ्या उभ्या आयुष्यात ज्या एका पत्राला उशीर व्हायला हवा होता, ते तिसऱ्या दिवशी पोचले. जबाबदार: त्या हद्दीचा पोस्टमन, तत्परतेबद्दल.

होळीपासून पोळ्यापर्यंत: कलमे बांधणारे महादेवजी त्या बागेवरून जात-येत होते, सर्व पाहत होते आणि गप्प राहिले. जबाबदार: महादेवजी, तसेच त्यांना गप्प बसायला ज्याने शिकवले तो, म्हणजे पुन्हा प्रस्तुत लेखक.

नुकसान: साठ झाडांची बाग. त्यातली किती गेली आणि किती राहिली हे यथाक्रम सांगतो.

मी व्यवसायाने अर्जीनवीस होतो. सौंसरच्या तहसीलीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल असे. पांढुर्ण्याहून सकाळच्या मोटारीने जायचे आणि संध्याकाळच्या मोटारीने परतायचे. ज्याला सरकारकडे काही मागायचे आहे पण कसे मागावे हे ठाऊक नाही, अशा माणसाचे म्हणणे कागदावर उतरवणे हा माझा धंदा. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. त्यामुळे माणूस रडायचा एका भाषेत आणि अर्ज व्हायचा दुसऱ्या भाषेत. मधला पूल मी होतो. पुलाला जेवढा अभिमान असावा त्याहून अधिक मला होता.

या टेबलावर बसून माझ्या ध्यानात आले की, येणाऱ्यांपैकी निम्म्यांना अर्ज करायचाच नसतो. त्यांना काहीतरी विचारायचे असते आणि विचारायला जागा नसते. गाय सहा महिन्यांपासून एकाच बाजूने का चावते, ताम्रपटावरचे अक्षर कोणत्या काळचे, मुलीच्या पत्रिकेतला मंगळ खरा की भटजीचा, कपाशीची बोंडे उमलण्याआधी का गळतात. उत्तर माहीत असणारी माणसे याच दोन गावांत होती. निवृत्त होऊन ओट्यावर बसलेली, विद्या असलेली आणि विचारणारा कोणी नसलेली. अवघड प्रश्नात उत्तराची अडचण फार थोडी असते. खरी अडचण असते ती योग्य दार शोधण्याची. ते दार दाखवण्याचे काम आपण करावे म्हणून मी आमच्या पुढच्या खोलीत ‘शंकासमाधान मंडळ’ स्थापन केले. अध्यक्ष मी, सचिव मी, आणि विरोधी पक्ष मालतीबाई.

आजच्या वाचकाला हे नवल वाटणार नाही. माझी पुतणी नागपुरास असते. ती संगणकासमोर बसून कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांच्या अवघड प्रश्नांची उत्तरे मोबदला घेऊन देते. विचारणारा कोण हे तिला कळत नाही, ती कोण हे त्याला कळत नाही, आणि मध्ये कोणीतरी बसून जुळवाजुळव करतो. तिने हे मोठ्या अपूर्वाईने सांगितले. मी तिला म्हणालो की हे सर्व मी पोस्टकार्डावर केले आहे. तिने पुढे एक तक्रार केली आणि त्या तक्रारीमुळेच हा लेख लिहीत आहे. ती म्हणाली, “काका, प्रश्न माझ्यापर्यंत येतो तेव्हा त्याला कोणीतरी इतकं घासूनपुसून पाठवतं, की मूळ माणसाला काय दुखत होतं तेच कळत नाही.” मी उठून कपाटातून मंडळाचे जुने रजिस्टर काढले.

मंडळाची पद्धत अशी होती. प्रश्नकर्त्याने कार्डावर प्रश्न लिहून पाठवायचा आणि ठरलेले शुल्क मनिऑर्डरने धाडायचे. मी प्रश्नाला क्रमांक देई, नाव-गाव काढून टाकी, प्रश्न स्वच्छ कागदावर शुद्ध भाषेत उतरवी आणि योग्य तज्ज्ञाकडे रवाना करी. उत्तर आले की त्यावर मंडळाचा गोल शिक्का मारून ते प्रश्नकर्त्याकडे जाई. शुल्काचा मोठा वाटा तज्ज्ञाचा, उरलेला तिकिटांचा. नियम एकोणीस होते. त्यांतले तीन या हकिकतीत लागतील. नियम चार: प्रमाणपत्र असल्याशिवाय कोणासही तज्ज्ञ म्हणून नोंदवले जाणार नाही. नियम सात: प्रश्न शुद्ध झाल्यावर मूळ कार्ड नष्ट करण्यात येईल, जेणेकरून गुप्तता राहील. नियम अकरा: एकदा दिलेले उत्तर तज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय रद्द होणार नाही. हे तीनही नियम मी स्वतः रचले होते. रचताना मला फार बरे वाटले होते, हेही नोंदवून ठेवतो.

गुप्ततेमुळे काही प्रसंग ओढवले. आमच्या यादीत एक वैद्यबुवा होते. त्यांना स्वतःचा गुडघा छळत होता. परंतु तज्ज्ञाने प्रश्न विचारणे कमीपणाचे, म्हणून त्यांनी मेहुण्याच्या नावाने कार्ड टाकले. मी नाव काढले, प्रश्न शुद्ध केला आणि नियमाप्रमाणे वैद्यबुवांकडेच पाठवला. त्यांनी आपलाच गुडघा ओळखला नाही. उत्तरात औषध लिहिले आणि खाली शेरा मारला की हा रोगी पथ्य पाळणाऱ्यांतला दिसत नाही. औषध लागू पडले नाही. शेरा मात्र खरा ठरला.

दुसरा प्रसंग मी त्या वेळी विनोदी समजत असे. पांढुर्ण्याचा एक तरुण, जांब नदीपलीकडल्या सावरगावचा जावई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीत त्याच्या खांद्याला दगड लागला. त्याने कार्ड लिहिले की दगड सासऱ्याच्या बाजूने आला, तो सासऱ्याने नेम धरून मारला असेल का. मी त्याचा मसुदा असा केला: ‘परंपरागत सामूहिक क्रीडेत झालेल्या शारीरिक इजेबद्दल विवाहसंबंधी नातलगाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा चालू शकतो काय?’ वकीलसाहेबांनी चार पाने लिहिली. सारांश असा की, जो स्वखुशीने नदीवर जातो त्याने दगडाची स्वखुशी गृहीत धरलेली असते. जावई उत्तर घेऊन माझ्याकडे आला आणि उंबऱ्याशी घोटाळत म्हणाला, “ते समजलं भाऊ. पण मी दिवाळीले सासरी जाऊ का नोको?” त्याचा प्रश्न तेवढाच होता. त्यासाठी नवीन कार्ड टाकावे लागेल असे मी त्याला सांगितले. स्वयंपाकघरातून मालतीबाई ओरडल्या, “जा रे बाबा, सासू वाट पाहून राहिली असंल.” तो गेला. मंडळाच्या इतिहासातले ते सर्वांत जलद उत्तर होते, आणि त्यावर शिक्का नव्हता.

मालतीबाईंचे मंडळाविषयीचे मत असे होते की मी प्रश्नाला कोट आणि टोपी घालून बाहेर पाठवतो, आणि मग त्याला त्याच्या घरचेही ओळखत नाहीत. या मताची मी नोंद घेतली नाही. विरोधी पक्षाने विरोध करायचाच असतो.

आता महादेवजी. पांढुर्ण्याबाहेर त्यांची रोपांची लहानशी वाडी होती. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवून कलम करण्यात त्यांचा हात धरणारा या भागात दुसरा नव्हता, असे सर्व बागायतदार म्हणत. एके दिवशी ते स्वच्छ धोतर नेसून आमच्याकडे आले आणि तज्ज्ञांच्या यादीत आपलेही नाव घ्यावे असे म्हणाले. मी प्रमाणपत्र मागितले. त्यांनी कलमे बांधण्याचा चाकू टेबलावर ठेवला. मी तो परत केला. तेव्हा ते खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, “भाऊ, तुमच्या आंगनातलं ते लिंबाचं झाड मीच लावून देल्लं होतं. त्यालेच इचारा नं.”

मी म्हणालो की झाडाची साक्ष ग्राह्य नाही. आणि त्यांना समज दिली की मंडळाने ज्या विषयात लेखी उत्तर दिले असेल त्यात इतरांनी तोंडी सल्ले देऊन लोकांची दिशाभूल करू नये. त्यांनी चाकू धोतराच्या कनवटीला लावला, पाणी पिऊन गेले. लिंबू मात्र आम्ही त्याच झाडाचे खात होतो. आजही खातो.

वच्छलाबाईंची ओळख करून देतो. त्यांचे यजमान रेल्वेत गँगमन होते, महिनोन्महिने लाइनीवर असत. सासऱ्यांच्या वाटणीत आलेल्या तुकड्यावर बाईंनी स्वतः खड्डे खणवून, डोक्यावर पाणी वाहून साठ झाडे जगवली होती. बाग त्यांच्या हातची होती. कागदावर ती कोणाच्याही नावे असो. विहीर दिरांशी सामाईक आणि पाण्याचा पाट झाडांच्या बुडांना लागून पुढे दिरांच्या शेतातल्या संत्र्यांना जाणारा. शिक्षण चौथी पास. कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते.

त्या कार्डावर काय होते हे मी सांगण्याआधी मी त्याचे काय केले हे सांगतो, कारण घटनेचा क्रम माझ्या बाबतीत तसाच होता. मी कार्ड वाचले. त्यात मला ‘दीर’ हा शब्द दिसला, ‘पाट’ दिसला आणि ‘वळवू देत नाही’ हे दिसले. अर्जीनवीसाला एवढे पुरते. माझ्या अंगावर आनंदाचा काटा उभा राहिला. कित्येक दिवस गाई, मंगळ आणि गुडघे हाताळल्यावर अखेर एक निखळ कायद्याचा प्रश्न आला होता. मी कागद पुढे ओढला आणि एकटाकी लिहिले: ‘सामाईक जलस्रोतापासून निघणाऱ्या प्रवाहमार्गात एका सहहिस्सेदारास दुसऱ्याच्या संमतीशिवाय फेरबदल करण्याचा, तसेच उक्त मार्गालगतची फळझाडे तोडण्याचा अधिकार आहे काय?’ वाक्य मी दोनदा मोठ्याने वाचले. मूळ कार्ड नियम सातप्रमाणे चुलीत गेले.

वकीलसाहेबांनी उत्तर दिले, ते आजही मला निर्दोष वाटते. सहहिस्सेदाराची संमती अथवा न्यायालयाचा आदेश मिळेपर्यंत पाटास हात लावू नये, झाडांस हात लावू नये, सर्व परिस्थिती जैसे थे ठेवावी. मी शिक्का मारला. तो त्या दिवशी विशेष ठळक उठला होता.

वच्छलाबाईंनी आज्ञा पाळली. शिक्क्याचा कागद होता; तो त्यांनी देवाजवळ ठेवला. उन्हाळाभर पाट तसाच वाहिला. पावसाळ्यात शेतातले सगळे पाणी त्याच पाटाने झाडामागून झाड भिजवत गेले.

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला बाई पांढुर्ण्यास आल्या आणि पत्ता विचारत आमच्या घरी पोचल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी टेबलावर सालीचा एक तुकडा ठेवला. साल काळपट, कुजकी, आणि तिच्यावर पिवळा डिंक गोठलेला.

“भाऊ, माहं कार्ड दाखवा मले,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना नियम सात सांगितला आणि रजिस्टरातली शुद्ध प्रत दाखवली. त्यांनी ओळीवर बोट ठेवून एक एक शब्द वाचला. ‘उक्त मार्गालगतची’ येथे त्या थांबल्या, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा वाचले.

“हे कोनाचं हाय?”

“तुमचंच.”

“मी असं नाही लिवलं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि आपले कार्ड पाठ म्हणून दाखवले. ज्यासाठी सहा महिने माणूस रोज उत्तराच्या कागदाला हात जोडतो, तो प्रश्न त्याला पाठ असतो. तो असा होता: “संत्र्याच्या झाडाच्या बुडाशी डिंक येऊन राहिला. पाटाचं पानी बुडाले लागते. पयले तीन झाडाले होता, आता सात झाडाले हाय. पाट वळवू का? दीर वळवू देत नाही. झाड तोडू का ठेवू?”

मालतीबाई दारात येऊन उभ्या होत्या. वच्छलाबाई रडल्या असत्या तर मी त्यांना पाणी दिले असते, बसायला सांगितले असते, काहीतरी केले असते. त्या रडल्या नाहीत. त्यांनी सालीचा तुकडा परत पदरात बांधला.

“मी झाडाचं इचारलं. तुमी कोर्टाचं करून टाकलं. तुमाले वाचता येत होतं नं भाऊ? मंग बदललं काहून?”

मी रजिस्टर उघडले आणि त्यांनी म्हटलेला पहिला प्रश्न जसाच्या तसा उतरवला. त्याखाली दुसरा, मला विचारलेला, तोही उतरवला, त्यालाही क्रमांक दिला. हे मी का केले ते मला त्या वेळी कळले नाही. बहुधा हाताला दुसरे काही येत नव्हते.

त्याच दुपारी मी महादेवजींच्या वाडीवर गेलो. ते रोपांना माती लावत होते. मला पाहून त्यांनी पोते झटकून बसायला दिले. मी बोरगावच्या बागेचे नाव काढताच ते म्हणाले की त्यांनी ती बाग होळीपासून पाहिली आहे. डिंक्या आहे. पाणी बुडाला लागले की येतो आणि त्याच पाण्याने एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. पाट दूर घ्यायचा, बुडाची कुजकी साल खरवडायची, मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा. होळीच्या वेळी सात झाडांचे काम होते, दोन दिवसांचे.

“मग तुम्ही त्या बाईंना सांगितलं का नाही?” मी विचारले. माझा आवाज चढला होता; तो त्या काळी आपोआप चढत असे.

“त्यायनं मंडळाचा कागद दाखवला नं. शिक्का व्हता. तुमीच म्हनलं व्हतं, मंडळानं लिवून देल्लं त मधात बोलाचं नाही. म्या म्हनलं, असंल बाप्पा, शिकलेल्या लोकायची काही निराळी तऱ्हा असंल.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरे वाटले असते. मी बारकाईने पाहिले. नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बोरगावला गेलो. साठांपैकी तिसाहून अधिक झाडांना लागण झाली होती. महादेवजींनी एक एक बूड दाबून पाहिले आणि जी झाडे जगणार नाहीत त्यांना चुन्याची रेघ मारत गेले. वच्छलाबाई त्यांच्यामागून चालत होत्या. रेघ पडली की त्या झाडाला त्या हाताने एकदा टेकत आणि पुढे जात.

पाट वळवायला घेतला तेव्हा दीर आले. त्यांच्या हातात मंडळाच्या उत्तराची नक्कल होती. वच्छलाबाईंकडून मागून घेऊन त्यांनी ती शाळेच्या मास्तरांकडून उतरवून घेतली होती, शिक्क्याच्या चित्रासह. पाटाला हात लावायचा नाही, असे लिहिले आहे, असे त्यांचे म्हणणे. मी सांगितले की ते उत्तर मीच पाठवले होते आणि आता मीच ते रद्द करतो. दीर गृहस्थ शांत होते. त्यांनी कागद उलटा केला आणि मागे उतरवून घेतलेल्या मंडळाच्या नियमांतला अकरावा मला वाचून दाखवला. तज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय रद्द होणार नाही. आयुष्यभर मी लोकांना नियम वाचून दाखवले. तो अनुभव समोरून कसा लागतो हे मला त्या बांधावर समजले.

येथे कोणाही शहाण्या माणसाने फावडे उचलले असते. मी मोटार पकडून सौंसरला वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी आपले उत्तर पुन्हा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले की मताला बाधा येईल असे त्यांना काही आढळत नाही. “तुम्ही जे विचारलंत त्याला हेच उत्तर आहे. दुसरं काही विचारायचं असल्यास दुसरा प्रश्न पाठवा.” मी त्यांच्यावर संतापलो. तेथे बसूनच मी त्यांना उद्देशून दोन पानांचे निषेधपत्र लिहिले आणि टेबलाच्या पलीकडे सरकवले. त्यांनी त्याची पोच दिली. घरी येऊन कृषी विषयाच्या आमच्या नोंदणीकृत तज्ज्ञांनाही एक पत्र लिहिले की आपणाकडे हा प्रश्न का आला नाही. त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: ‘आपण पाठवला नाहीत म्हणून.’

या पत्रव्यवहारात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी संमतीशिवाय, रिकाम्या हाताने बोरगावला पोचलो तर पाट वळलेला होता. नवीन चर बुडांपासून चांगला लांबून खोदला होता आणि खोदणारे दीर स्वतः होते, गुडघ्यापर्यंत चिखलात. झाले होते ते एवढेच, की मी सौंसरला गेल्यावर महादेवजी दिरांना त्यांच्याच शेतात घेऊन गेले आणि पाट जिथे त्यांच्या हद्दीत शिरतो तिथल्या पहिल्या ओळीतल्या झाडाचे बूड दाखवले. तिथेही डिंक होता. महादेवजी म्हणाले होते, “पान्याले कोनाची वाटनी ठाऊक नसते, पाटील.” दिरांनी कागद खिशात घातला आणि फावडे आणले.

मी समझोत्याचा मसुदा सोबत नेला होता, दोन्ही पक्षांच्या सह्यांच्या जागा ठेवून. तो मी पिशवीतून काढला. दिरांनी चिखलाचे हात दाखवले. वच्छलाबाई लेपाच्या बादलीत काडी फिरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. महादेवजींनी मात्र कागद घेतला, आदराने त्याची घडी घातली, आणि तो बादलीखाली टेकण म्हणून लावला, कारण जमीन उताराची होती. तोवर मी तयार केलेल्या दस्तऐवजांत प्रत्यक्ष उपयोगी पडलेला तो पहिला असावा.

सत्तावीस झाडे तोडली. तेहेतीस राहिली. सहा महिन्यांपूर्वी सातांचा प्रश्न होता.

त्यानंतर मंडळ चार वर्षे चालले. नियम चार मी खोडला. महादेवजींचे नाव यादीत घातले, पण त्यांनी कधी लेखी उत्तर दिले नाही. प्रश्न आला की ते पिशवी घेऊन जाऊन पाहून येत, आणि त्याने माझी सगळी नोंदवही बिघडली. नियम सातही गेला. प्रश्न ज्याचा त्याच्या शब्दांत जाऊ लागला. तज्ज्ञांनी तक्रार केली की भाषा गावंढळ आहे. उत्तरे मात्र बहुतेक आटोपशीर आणि कामाची येऊ लागली, आणि शेवटी टेलिफोन आले, मुले शिकली, कार्डे थांबली. वच्छलाबाईंनी रिकाम्या जागी महादेवजींची कलमे लावली. दशकाच्या अखेरीस त्या नव्या झाडांच्या पहिल्या बहाराची एक टोपली आमच्या दारात कोणीतरी ठेवून गेले. सोबत चिठ्ठी नव्हती. मालतीबाई म्हणाल्या की हे उत्तर समजावे. मी म्हणालो की बिनलेखी उत्तर मंडळ मानत नाही. संत्री मी खाल्ली. गोड होती.

रजिस्टर माझ्याजवळ आहे. त्यातल्या एका क्रमांकासमोर उत्तराचा रकाना कोरा आहे. ‘तुमाले वाचता येत होतं नं भाऊ? मंग बदललं काहून?’ मी हा प्रश्न त्या वर्षी यादीतल्या प्रत्येक तज्ज्ञाकडे पाठवला, नाव-गाव काढून. वकीलसाहेबांनी कळवले की प्रश्न संदिग्ध आहे. वैद्यबुवांनी त्रिफळा सुचवला. महादेवजींना मी तोंडी विचारले, तेव्हा ते म्हणाले की हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तेव्हा तज्ज्ञ मीच ठरतो, आणि विलंबाबद्दल कोणतीही सबब न सांगता उत्तर देतो.

तहसीलीत साध्या शब्दांतला अर्ज कारकून बाजूला टाकी, हे मी रोज पाहत होतो. म्हणून मी लोकांचे शब्द बदलू लागलो. प्रथम त्यांच्या भल्यासाठी. पुढे माझी खात्रीच झाली की साध्या शब्दांत विचारलेला प्रश्न हा अजून प्रश्न झालेलाच नसतो, मी हात लावल्यावर होतो. आणि त्या दिवशी तर एवढेही नव्हते. बाई, मला तुमची झाडे दिसलीच नाहीत. मला माझे वाक्य दिसत होते. ते चांगले झाले होते.

माझी मागणी आता एवढीच आहे, आणि ती मी या अंकातून जाहीररीत्या करत आहे. वच्छलाबाई बोरगावला आहेत. त्यांची नात शिक्षिका आहे आणि दिवाळीचा हा अंक त्यांच्या घरी जातो, याची मी खात्री करून घेतली आहे. वरील उत्तर पुरेसे आहे किंवा नाही, हे त्यांनी पंधरा दिवसांच्या आत याच अंकाच्या संपादकांकडे लिहून कळवावे आणि संपादकांनी ते छापावे. खासगीत कळवल्यास स्वीकारले जाणार नाही. संत्री पाठवल्यासही नाही. त्या जे लिहितील ते त्यांच्याच शब्दांत छापले जावे. संपादकांनी त्याला हात लावू नये. मीही लावणार नाही.